मानवी हक्कांच्या कामासाठी रशियनमधून अनुवाद : ठाणे-नवी मुंबईतल्या स्वयंसेवकांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधांची कागदपत्रे रशियनमध्ये नेणारे, यंत्रांची माहितीपुस्तके रशियनमधून आणणारे आणि घरी बसून फुटकळ अनुवाद करणारे बरेच लोक आहेत. मी त्यांतलीच एक. पोटापाण्याचे काम सांभाळून आठवड्याचे चार-पाच तास मी मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या गटांना विनामोबदला अनुवाद करून देते. ‘आम्हालाही करायचे आहे, सुरुवात कुठून करावी?’ असे नौपाड्यापासून नेरूळपर्यंतच्या ओळखीच्या अनुवादकांनी अनेकदा विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. औषधांच्या कागदांवर घासून तयार झालेली रशियन या कामी निश्चित उपयोगी पडते, कारण मात्रेचा एक आकडा चुकला तर काय होऊ शकते हे आपल्याला ठाऊक असते. मात्र त्या कागदांत बोलणारा माणूस नसतो आणि या कागदांत तो पानोपानी असतो, एवढा फरक आधीच लक्षात घ्यावा.

काम कोणते असते

रशियात २०१२ साली संस्थांना ‘परदेशी हस्तक’ ठरवण्याचा कायदा झाला, २०१५ साली ‘अनिष्ट संघटना’ ठरवण्याचा झाला आणि मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्याच्या गुन्ह्याचे कलम २०७.३ फौजदारी संहितेत आले. १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘मेमोरियल’ ही मानवी हक्कांची संस्था विसर्जित करण्याचा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी दिला. पुढच्याच वर्षी तिला बेलारूसचे मानवी हक्क कार्यकर्ते आलेस बिआलियात्स्की आणि युक्रेनमधील एक संस्था यांच्याबरोबर नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. या सगळ्या काळात खटल्यांची कागदपत्रे, तुरुंगातून आलेली पत्रे, वकिलांची टिपणे आणि नातेवाइकांचे जबाब रशियनमध्येच तयार होत राहिले, आणि ज्यांनी ते वाचून काही करायचे ते सगळे रशियन जाणणारे असतातच असे नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दार १६ सप्टेंबर २०२२ नंतरच्या घटनांसाठी बंद झाले आहे, तथापि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन रशियावर आहे, म्हणून तक्रारी संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क समितीकडे जातात. अटकेची नोंद ठेवणारा ‘ओव्हीडी-इन्फो’ हा प्रकल्प २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला. त्याच्या नावातली पहिली तीन अक्षरे पोलीस ठाण्याच्या रशियन नावाचा संक्षेप आहेत. अशा नोंदी, निवेदने आणि अर्ज इंग्रजीत नेणे हे या कामाचे मुख्य अंग आहे.

दुसरे अंग आपल्या दाराशी आलेले आहे. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेल्या भारतीय तरुणांना सैन्यात भरती केल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर मार्च २०२४ मध्ये सीबीआयने दलालांविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि त्याच वर्षीच्या जुलैत पंतप्रधानांनी मॉस्को भेटीत हा विषय मांडला. अशा घरांकडे बहुधा एकच कागद असतो, तो म्हणजे मुलाने सही केलेल्या रशियन कराराचा मोबाइलवर आलेला तिरपा फोटो. तो मराठीत किंवा हिंदीत करून देणारा माणूस त्यांना मिळत नाही. हा अनुवाद करताना एक पथ्य कसोशीने पाळावे. करारात मुदत एक वर्ष लिहिली असेल, तर अनुवादातही एक वर्षच लिहावे, जरी २१ सप्टेंबर २०२२ च्या हुकूमनाम्याने असे करार अंशतः सैन्यभरतीचा काळ संपेपर्यंत चालू ठेवले आहेत हे आपल्याला माहीत असले तरी. ती माहिती अनुवादाच्या खाली ‘अनुवादकाची टीप’ म्हणून वेगळी द्यावी, म्हणजे कागदात काय आहे आणि आपण काय सांगतो आहोत यांची सरमिसळ होणार नाही. ‘मग तो सुटणार कधी?’ हा प्रश्न आई-वडील विचारतातच. त्याचे उत्तर वकिलाने द्यायचे असते, आपण नव्हे, आणि तसे सांगणे जड गेले तरी सांगावे.

पात्रता आणि प्रवेश

परदेशी लोकांसाठी रशियन भाषेची जी प्रमाणपत्र परीक्षा असते, तिच्या दुसऱ्या पातळीइतकी, म्हणजे युरोपीय मोजणीत बी-टू इतकी तयारी असल्याशिवाय जबाब किंवा निकालपत्रे घेऊ नयेत. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या रशियन विभागात शिकलेल्यांना व्याकरणाचा पाया असतो, परंतु कायद्याची भाषा तिथे फारशी वाट्याला येत नाही. ती स्वतःच कमवावी लागते. सर्वांत स्वस्त आणि चांगला सराव म्हणजे १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा रशियन, इंग्रजी आणि मराठी असा शेजारी शेजारी ठेवून वाचणे. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे इंग्रजी शब्द होते, ते बदलून ‘सर्व मानव’ करावेत हा आग्रह भारताच्या हंसा मेहता यांनी धरला होता. रशियन मसुद्यात ‘लूदी’ म्हणजे माणसे हा शब्द असल्याने हा पेच मुळातच पडत नाही. नवव्या कलमात पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते ‘अरेस्त’ आणि ‘झदिर्झानिये’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात भेटतात.

प्रवेशासाठी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात घरबसल्या करायची कामे असतात आणि त्यांत अनुवाद नेहमी असतो. पूर्वी ‘ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स’ या नावाने चालणारे आणि आता ‘क्लिअर ग्लोबल’ या संस्थेत असलेले जाळेही स्वयंसेवक घेते. चाचणीचा उतारा बहुधा दिला जातो; तो घाईने करू नये, कारण तपासणारा वेग पाहत नाही, शंका कुठे नोंदवल्या ते पाहतो. अर्जात वेळ कमी सांगावा. आठवड्याला दहा तास कबूल करून तिसऱ्या आठवड्यात गायब होणाऱ्यापेक्षा दोन तास सांगून ते देणारा माणूस कोणत्याही समन्वयकाला हवासा वाटतो. मॉस्कोपेक्षा आपण अडीच तास पुढे आहोत, त्यामुळे तिथल्या न्यायालयाचा संध्याकाळी पाचचा निकाल आपल्याकडे साडेसातला येतो, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळेला. ‘आज रात्रीच हवे’ या निरोपाला काय उत्तर द्यायचे हे आधी ठरवून ठेवावे.

नोकरी करणाऱ्यांनी आपल्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाविषयी काय अट आहे ते वाचावे आणि कंपनीचा लॅपटॉप या कामाला कधीही वापरू नये. परदेशी संस्थेने मानधन देऊ केले, तर परदेशी निधीविषयीच्या ‘एफसीआरए’ कायद्याच्या दृष्टीने त्याचे काय होते हे सनदी लेखापालाला विचारून मगच हो म्हणावे. मी स्वतः पैसे न घेण्याचा सोपा मार्ग धरला आहे.

पंच आणि पंचनामा

ज्या शब्दाने मला या कामाची खरी गोडी लावली तो म्हणजे ‘पनितोय’. रशियात घराची झडती घेताना किमान दोन त्रयस्थ माणसे हजर ठेवावी लागतात आणि झडतीच्या टिपणावर त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. इंग्रजीत याला सुटसुटीत शब्द नाही, म्हणून कोशात लांबलचक वर्णने सापडतात. मराठी माणसाला मात्र क्षणभरही थांबावे लागत नाही, कारण तो माणूस म्हणजे पंच आणि ते टिपण म्हणजे पंचनामा. मराठीत अनुवाद करताना हे शब्द बिनदिक्कत वापरावेत. इंग्रजीत मात्र आपल्या न्यायालयांत चालणारा ‘पंच विटनेस’ हा प्रयोग जिनिव्हात कोणाला कळणार नाही. तिथे ‘झडतीला हजर राहिलेला त्रयस्थ साक्षीदार’ असे उलगडूनच लिहावे लागते. अनुवादकाची जागाही मला पंचाचीच वाटते. समोर जे दिसले त्यावर सही करायची, जे दिसले नाही ते कितीही खरे वाटले तरी लिहायचे नाही.

याच्या उलट काही शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतात आणि फसवतात. ‘अरेस्त’ म्हणजे अटक असे आपण गृहीत धरतो. परंतु ‘दहा दिवसांचा अरेस्त’ असे वाक्य आले, तर ती प्रशासकीय गुन्ह्यासाठी न्यायालयाने दिलेली कैदेची शिक्षा असते, पोलिसांनी केलेली अटक नव्हे. पोलिसांनी पकडून ठेवणे हे ‘झदिर्झानिये’, आणि ते न्यायालयाच्या आदेशाशिवाय ४८ तासांपलीकडे चालत नाही. योगायोग असा की ही तरतूद रशियन राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे आणि आपल्याकडची २४ तासांची तरतूदही २२ व्याच अनुच्छेदात आहे. म्हणूनच हात सवयीने ‘२४’ लिहून मोकळा होतो, तिथे सांभाळावे. खटला चालू असताना ज्या तुरुंगात ठेवतात तो ‘सिझो’. त्याला पोलीस कोठडी म्हणणे साफ चूक, न्यायालयीन कोठडीची जागा म्हणणे अर्थाच्या जवळचे. शिक्षेनंतरची ‘कलोनिया’ म्हणजे वसाहतही नव्हे आणि वर्तकनगरच्या अर्थाने कॉलनी तर नव्हेच. तो श्रमाचा तुरुंग आहे. ‘एताप’चा कोशातला अर्थ टप्पा असा आहे, पण कैद्याच्या पत्रात तो एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगाकडे होणारा प्रवास असतो, ज्या काळात तो कुठे आहे हे घरच्यांना कळत नाही. ‘लास्तच्का’ म्हणजे पाकोळी. छळाच्या जबाबात मात्र हात आणि पाय पाठीमागे एकत्र बांधून ठेवण्याच्या प्रकाराला हे नाव आहे. असा शब्द आला की मूळ शब्द लिप्यंतर करून ठेवावा, त्याचा शब्दशः अर्थ द्यावा आणि प्रत्यक्षात काय करतात ते टिपेत सांगावे. काही ठिकाणी तर मराठी इंग्रजीपेक्षा नेमकी ठरते. ‘सूत्की’ म्हणजे चोवीस तासांचा दिवस, त्याला आपल्याकडे अहोरात्र हा शब्द तयार आहे. आणि ‘याकबी’ या शब्दातला अविश्वास ‘म्हणे’ या एका शब्दात जसाच्या तसा उतरतो.

कलमांचे आकडे उतरवताना एक बारकावा सुटतो. मराठीत आपण सगळ्यालाच कलम म्हणतो, पण इंग्रजीत लिहिताना भारतीय सवयीने ‘सेक्शन’ लिहू नये. रशियन संहितेतील ‘स्तात्या’ला ‘आर्टिकल’ हाच शब्द रूढ आहे. कलम २०७.३ च्या दुसऱ्या भागातला ‘द’ हा मुद्दा, ज्यात राजकीय किंवा अन्य द्वेषाचा हेतू धरला जातो आणि पाच ते दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते, तो रशियन वर्णमालेतल्या पाचव्या अक्षराचा आहे. लॅटिनमध्ये ‘डी’ चौथे येते. काही अनुवादक क्रम जुळवण्यासाठी ते ‘ई’ करतात आणि मग वकिलाला भलताच मुद्दा सापडतो. अक्षराचा उच्चार राखावा, क्रम नाही.

पेत्रोव की पेत्रोवा

माझी पहिली मोठी चूक एका आडनावाची होती. आडनाव बदलून सांगते. निदर्शनात पकडलेल्या लोकांच्या टिपणात ‘झदिर्झाली पेत्रोवा’ असे वाक्य होते आणि मी सरळ ‘पेत्रोवा नावाच्या महिलेला ताब्यात घेण्यात आले’ असे लिहून पाठवले. रशियन आडनावांना विभक्ती लागते. पेत्रोव या पुरुषाला पकडले असेल तर कर्मस्थानी ‘पेत्रोवा’ होते आणि पेत्रोवा या स्त्रीला पकडले असेल तर ‘पेत्रोवू’. म्हणजे ज्याला पकडले तो पुरुष होता. दुसऱ्या पानावर ‘त्याचा वकील’ असा उल्लेख होता, तो समन्वयकाच्या नजरेस पडला म्हणून चूक तिथेच थांबली. नाहीतर एखादी वकील, अस्तित्वातच नसलेल्या बाईला पोलीस ठाण्यांत शोधत फिरली असती. मला हे व्याकरण येत नव्हते असे नाही, पहिल्या वर्षीच शिकले होते. रात्री अकराला, दिवसभराचे ऑफिस संपवून, एकच पान पाहून अनुवाद केला हे त्याचे कारण. तेव्हापासून मी पूर्ण कागद वाचल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही आणि सगळी नावे प्रथमा विभक्तीत आणून, पित्याच्या नावासह, वेगळ्या तक्त्यात काढून ठेवते. इंग्रजी स्पेलिंग पारपत्रावर असेल तर तेच घ्यावे, आपल्या कानाला बरे वाटेल ते नव्हे.

त्याच वाक्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘झदिर्झाली’ या क्रियापदाला कर्ता नाही. कोणी पकडले ते वाक्य सांगत नाही. मराठीत ‘ताब्यात घेण्यात आले’ म्हटले की तो अबोला तसाच राहतो. संदर्भावरून पोलिसांनीच पकडले असणार हे उघड असले, तरी ‘पोलिसांनी’ हा शब्द अनुवादात घालू नये, कारण गणवेश नसलेल्या माणसांनी पकडले असेल, तर नेमका तोच मुद्दा पुढे तक्रारीचा कणा ठरतो.

क्रियापदाचे पूर्ण-अपूर्ण रूप जबाबात अतिशय जपावे. ‘या नि पदपीसिवल’ म्हणजे मी सही केलेलीच नाही, तसे काही घडलेच नाही. ‘या नि पदपिसाल’ म्हणजे कागद पुढे ठेवला होता, तरी मी सही केली नाही. पहिल्या वाक्यातून सही बनावट असल्याचा दावा निघतो, दुसऱ्यातून दबाव आणल्याचा. इंग्रजीत दोन्ही एकाच साच्यात पडतात, म्हणून तिथे फरक शब्दांनी भरून काढावा. तसेच तपास अधिकारी आरोपीला ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’, हे मराठीत आपोआप राखले जाते; इंग्रजीत हरवते, तिथे एकदा टीप द्यावी. शिवी असेल तर शिवीच द्यावी. ‘अपशब्द वापरले’ असे सोज्वळ रूप जबाबाला देण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि रडत रडत अर्धवट सोडलेले वाक्य पूर्ण करण्याचाही नाही. संपादनाची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी निवेदने आणि लेख घ्यावेत, जबाब घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुप्तता

या कागदांतली माणसे अजून तुरुंगात किंवा तुरुंगाच्या अंतरावर असतात. फुकटच्या ऑनलाइन अनुवाद यंत्रात त्यांचा मजकूर टाकू नये. तो कुठे साठतो यावर आपला ताबा राहत नाही, आणि वर सांगितलेले ‘एताप’ किंवा ‘पेत्रोवा’ यंत्रही सहज चुकते. आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालणारे ‘ओमेगा-टी’ हे मोफत साधन शब्दसंग्रह आणि जुने अनुवाद सांभाळायला पुरेसे आहे. फायली कूटबद्ध कप्प्यात ठेवाव्यात. ‘व्हेराक्रिप्ट’ त्यासाठी चालते. निरोप संस्थेने सांगितलेल्या मार्गानेच द्यावेत, बहुतेक वेळा तो ‘सिग्नल’ असतो. पेनड्राइव्ह घेऊन स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जाऊ नये, ठाणे-पनवेल लोकलमध्ये लॅपटॉप उघडू नये आणि कितीही अभिमान वाटला तरी कोणत्या प्रकरणावर काम केले ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सांगू नये.

स्वतःचा विचारही करावा. ‘अनिष्ट’ ठरवलेल्या संघटनेच्या कामात सहभागी होणे रशियात गुन्हा आहे, आणि मे २०२५ पासून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलही त्या यादीत आहे. कंपनीच्या कामासाठी किंवा प्रदर्शनांसाठी ज्यांना रशियाला जावे लागते, त्यांनी अनुवादक म्हणून आपले नाव कुठेही छापू नये असे संस्थेला पहिल्याच दिवशी लेखी कळवावे. चांगली संस्था यावर प्रश्न विचारत नाही.

छळाचे जबाब सलग दोन दिवस घेऊ नयेत. मी ते सकाळीच करते आणि नंतर मासुंदा तलावाला एक फेरी मारून येते. रात्री केले की झोपेत तेच शब्द येतात, हा अनुभव दोनदा घेतला आहे. नको वाटले तर कागद परत करता येतो, त्यासाठी कारण देण्याचीही गरज नसते.

पाठवण्यापूर्वी मूळ आणि अनुवाद समोरासमोर ठेवून आकडे, तारखा, नावे आणि नकार, म्हणजे प्रत्येक ‘नाही’, वेगळे तपासावेत. शंका असलेल्या जागा रंगवून, त्यापुढे दोन पर्याय लिहून पाठवाव्यात. समन्वयकाची पोच आली की अनुवाद, मूळ कागद आणि मोबाइलवर उतरलेली प्रत पुसून टाकावी, आणि कचरापेटीही रिकामी करावी.